एकदम पेटवलेल्या चार मेणबत्त्या

नाताळच्या आधीचे चार रविवार आम्ही ख्रिस्ती लोक प्रभूच्या येण्याची वाट बघतो. दर रविवारी एक मेणबत्ती वाढवायची, अशी रीत आहे. आमच्या घरात ते काम बायकोचं. ती पावसाळ्यात गेली, म्हणून यंदा काडेपेटी माझ्या हातात आली.

पहिल्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात सांगलीच्या डॉक्टरनं माझ्या छातीतला तुकडा काढून तपासायला पाठवला होता. "रिपोर्टला येताना मुलाला घेऊन या," म्हणाला. बायकोच्या वेळीही असंच म्हणाला होता. साताऱ्याला परत येऊन मी घरात कुणाला काही सांगितलं नाही.

पहिल्या रविवारी मी चारही मेणबत्त्या एकदम पेटवल्या. सून धावत आली.

"आवं मामंजी, ह्ये काय? अजून तीन रविवार हायत की!"

"तेवढा दम न्हाई मला."

"देवाला घाई न्हाई, तुमालाच लय झालीया!" ती हसली आणि तिनं तीन मेणबत्त्या फुंकून विझवल्या.

त्यांचा धूर माझ्या तोंडावर आला. मला राग आला. मी फार शिकलेला नाही. तरी तेव्हा कळलं, की येणाऱ्याला ओढून आणता येत नाही, आणि तो कोण आहे हे न कळताही दार उघडं ठेवावं लागतं. मग तो प्रभू असो, नाहीतर दुसरं काही.

"नवऱ्याला सांग," मी म्हणालो, "माझ्याबरोबर सांगलीला यायचं हाय. रिपोर्ट आणायला."

"कसला रिपोर्ट?" तिनं विचारलं. आता ती हसत नव्हती.