आमचा बुरूज आणि आम्ही चौघं

टेकडी चढल्याने वजन उतरतं, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. ते काही उतरलं नाही. किस्से मात्र इतके साठले की बायको म्हणते, "तुम्ही वॉकला जाता की गप्पा गोळा करायला?"

आता खरं काय ते तिलाही माहीत आहे!

पनवेलहून नेऱ्याच्या बाजूला गेलं की ही टेकडी लागते. वर छान बाग आहे, आणि बागेच्या मधोमध जुना, काळ्या दगडाचा टेहळणीचा बुरूज. आमचा चौघांचा अड्डा त्याच्या पायरीवर. मी पनवेलच्या बाजारात फोटो स्टुडिओ चालवतो. सुमनताई करंजाड्याच्या, रिटायर्ड नर्स. नजीरभाई आमच्या पनवेलचेच. गल्फमध्ये इमारती उभारण्यात त्यांची उमर गेली. आणि पाटीलमामा टेकडीखालच्या गावातले, भातशेतीवाले.

•

एकदा मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी मामांना गाठलं. "हा बुरूज कोणी बांधला?"

"म्हाईत नाय."

"कधी बांधला?"

"त्ये पन नाय म्हाईत."

गृहस्थ वैतागले. "अहो, तुम्ही इथलेच ना? मग माहीत तरी काय आहे?"

मामांनी बुरुजाकडे वर मान करून पाहिलं. म्हणाले, "चांगला बांधलाय!"

•

गल्फहून कायमचे परतल्यावर नजीरभाई पहिल्यांदा वर आले तो दिवस मला आठवतो. आम्ही बाकावर बसून घाम पुसत होतो आणि हे बुरुजाभोवती फिरत होते. मधेच थांबायचे, दोन दगडांच्या सांध्यात नख घालून बघायचे. नख काही आत जाईना.

"माशाअल्लाह! ना सिमेंट, ना सळई. आणि आत जाऊन बघा, एक थेंब गळत नाही."

"तुमची नवी बिल्डिंग कशी आहे?" सुमनताईंनी विचारलं.

नजीरभाई उसासा टाकून म्हणाले, "ताई, आमच्याकडे पाऊस आधी आत पडतो, मग बाहेर!"

•

एक जोडपं बुरुजाच्या मागच्या बाजूला स्कूटरच्या किल्लीने दगडावर नाव कोरायच्या तयारीत होतं. सुमनताई मागून गेल्या. ओरडल्या वगैरे अजिबात नाहीत. वॉर्डमध्ये पेशंटला विचारावं तसं गोड आवाजात म्हणाल्या, "द्या किल्ली इकडे, माझं अक्षर चांगलं आहे. दोघांची पूर्ण नावं सांगा. खाली घरचा पत्ता पण टाकू ना?"

मुलगी अशी पळाली की तिची ओढणी झुडपात अडकून राहिली!

पुढची गोष्ट ऐका. दोनेक वर्षांनी तीच दोघं वर आली. गळ्यात मंगळसूत्र, कडेवर बाळ. मुलगा लाजत सुमनताईंना म्हणाला, "काकू, ओळखलंत? आम्ही काही लिहिलं नाही हां."

सुमनताईंनी बाळाला उचललं, त्याचा इवलासा पंजा दगडावर टेकवला आणि म्हणाल्या, "ह्याने लिहिलं तर चालेल. असं."

•

आमच्या टेकडीवरचे सगळे बाक गुलाबी का, असं लोक विचारतात. त्याचं असं झालं.

एका सकाळी वर पोहोचलो तर बुरुजापाशी रंगाचे डबे, ब्रश, शिडी! कोणा हौशी मंडळींनी वर्गणी काढून बुरूज 'सुंदर' करायचं ठरवलं होतं. रंग, बेबी पिंक. मामांचा चेहरा काळाठिक्कर पडला. नजीरभाई तर डबा उघडून नुसते बघतच राहिले.

सुमनताई शांतपणे पायरीवर जाऊन बसल्या. भिंतीला पाठ टेकली, थर्मास उघडला आणि चहा ओतला.

पेंटर म्हणाला, "ताई, जरा बाजूला होता का?"

"नाही हो. तुम्ही करा सुरुवात. मी मध्ये आले तर मलाही लावा दोन हात."

पेंटर बिचारा हसायला लागला. त्याने मुकादमाला फोन लावला. मुकादम आला, त्याने वाद घातला, मग ओरडून पाहिलं. सुमनताई जागच्या हलल्या नाहीत. हळूहळू फिरायला आलेली माणसं एकेक करून त्यांच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसायला लागली. बुरुजाला पूर्ण वेढा पडला! ऊन चढलं तेव्हा मुकादमाने हात जोडले. "आणलेल्या रंगाचं आता करू काय?"

सुमनताईंनी बोट दाखवलं. "ते बाक आहेत ना?"

•

माझ्या स्टुडिओत एक होणारा नवरदेव आला. प्री-वेडिंगचे फोटो मी टेकडीवरच काढले होते, आणि सांगायला हरकत नाही, फार सुरेख आले होते. तो म्हणाला, "फोटो मस्त आहेत काका, पण मागचा बुरूज काढा. फॉरेनचं काहीतरी टाका."

नजीरभाई सहज चहाला आले होते. त्यांनी कप खाली ठेवला.

"बेटा, मी फॉरेनलाच होतो. एका खोलीत आम्ही आठ माणसं. माझ्या बेडच्या वर भिंतीवर एकच फोटो होता. कुठला, माहीत आहे?"

"कुठला?"

"तू काढून टाकायला सांगतोयस, त्याच बुरुजाचा!"

•

आणि आता मामांच्या आईची गोष्ट.

म्हातारी लग्न होऊन टेकडीखालच्या गावात आली आणि सगळा जन्म तिथल्या शेतात राबली. पण टेकडीवर कधी चढली नव्हती. आजारपणातून उठली आणि तिने एकच धरून ठेवलं, "मना टेकरीवर न्या."

मामा घाबरले. "आये, वर काय झाला म्हंजी?"

सुमनताईंनी नाडी पाहिली. म्हणाल्या, "मामा, घरात बसवून ठेवलं तर काही होणार नाही, अशी गॅरंटी कोण देतंय? खुर्ची काढा."

प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधले. मामा, मी, मामांचे दोन भाऊ. नजीरभाई पुढे चालत क्रेनला इशारे द्यावेत तसे हात हलवत होते. "लेव्हल! लेव्हल धरा!"

"मी काय शिमिटची गोन हाय?" म्हातारी वरून करवादली.

धापा टाकत वर पोहोचलो. आम्ही खुर्ची बरोबर बुरुजासमोर ठेवली. मी कॅमेरा काढला. म्हातारीने पदर सारखा केला, बुरुजाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "मना फिरवा. ह्याला तं मी रोजच बगते."

फिरवली, पाठ बुरुजाला टेकेल अशी. खाली गाव होतं, भाताची खाचरं होती, पार लांब पनवेलच्या इमारती होत्या.

"तो निला पत्रा... आपलाच काय रं?"

"हा, आये."

"आनि आपला शेत?"

मामांनी बोटाने दाखवलं. तिथे कोणीतरी बाई वाकून काम करत होती, मुंगीएवढी. म्हातारी तिच्याकडे बघत राहिली. मी कॅमेरा खाली घेतला.

मग तिने हात मागे नेला, बुरुजाचा दगड चाचपला आणि बैलाच्या पाठीवर मारावी तशी त्याच्यावर थाप मारली.

"येवरी बारीक दिसायची रं मी तुला?" ती म्हणाली. आणि मग बोळकं पसरून हसली. "पन दिसायची!"