वडिलांच्या नावानं दिलेलं मत

जॉर्ज सिंगापूरला येत असल्याची मेल आली आणि मी शनिवार मोकळा ठेवला. एकत्रित युरोपबद्दल ब्रिटिशांच्या मनात इतका अविश्वास आला कुठून, हा माझ्या पोस्टडॉकचा आणि त्यावरच्या पुस्तकाचा विषय. जॉर्ज हे इंग्लंडमधले चौऱ्याऐंशी वर्षांचे निवृत्त शिक्षक, वर्षभर मला व्हिडिओ कॉलवर मुलाखती देत होते. आता त्यांना क्रांजीच्या युद्धस्मारकात वडिलांचं नाव बघायचं होतं. वडील दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या लढाईत गेले. बापलेकांची भेट कधी झालीच नाही.

शहरातल्या बिशान भागातून एमआरटी मेट्रोची लाल लाइन थेट क्रांजीला जाते, अर्धा तास लागतो. पुढे पंधरा मिनिटं उन्हात चालायचं. टोपी आणि पाणी घ्याच. प्रवेश मोफत.

गाडीत जॉर्ज सांगत होते, "रेशनच्या दिवसांत ऑस्ट्रेलियातली मावशी डबाबंद पीच पाठवायची. आई म्हणायची, आपली माणसं समुद्रापलीकडे आहेत, युरोपातून फक्त लढाया येतात. पुढे आमचा देश युरोपच्या बाजारात सामील झाला, ऑस्ट्रेलियाच्या मालाला जकात लागली, तेव्हा मावशीला पत्र लिहिताना आई रडली. बहिणीच्या तोंडावर दार लावल्यासारखं वाटलं तिला."

म्हणून ब्रेक्झिटच्या सार्वमतात त्यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलं. त्यांची मुलगी ॲन जर्मनीत संसार थाटून आहे. तेव्हापासून ती त्यांच्याशी फारशी बोलत नाही.

टेकडीवर पांढऱ्या शिळांच्या रांगा आणि वर नावं कोरलेल्या भिंती. नोंदवहीत बघून मी जागा शोधली. नाव फार उंचावर होतं, जॉर्ज यांचा हात पोचेना. पलीकडे भारतीय सैनिकांची नावं: जाधव, मोरे, शिंदे. चार वर्षं सिंगापूरमध्ये राहून मी इथे एकदाही आले नव्हते.

दुपारचे तीन वाजले होते, जर्मनीत सकाळ. जॉर्जनी तिथूनच फोन लावला. ऐकू कमी येतं, म्हणून स्पीकरवर.

"ॲन, तुझ्या आजोबांचं नाव सापडलं."

"बरं झालं, डॅड." मग ती म्हणाली, "मत वडिलांसाठी दिलं, असं म्हणाला होतात तुम्ही. मी तर जिवंत होते ना? मला एकदा विचारायचं तरी."

तिनं फोन ठेवला.

बिशानच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे छपराखालच्या खाऊगल्लीत, जॉर्जनी कोपी, इथली कडक कॉफी, मागवली, पण प्यायले नाहीत.

"पुस्तकात सगळी कारणं लिही," ते म्हणाले. "समुद्र, साम्राज्य, युद्ध, मावशी. सगळी खरी आहेत. पण मला दुसरं काही करताच आलं नसतं, असं मात्र लिहू नकोस."

त्यांना हॉटेलवर सोडून घरी आले आणि लॅपटॉप उघडला. 'या पिढीपुढे दुसरा पर्यायच नव्हता.' प्रकरणातलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य. ते पुसलं.

महिना झाला. जॉर्ज यांच्या मेल येतात. ॲनचा फोन आलेला नाही, हे दर वेळी शेवटच्या ओळीत असतं.