गच्चीवर न उघडलेल्या पिशव्या

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्या बाबाने हसत सांगितलं, की साथीत आजीने लोकांचे श्वास वाया घालवले. तुमची शाळेची वेळ झाली होती म्हणून मी कॉल बंद केला. पण ही गोष्ट हसण्यावारी राहायला नको, म्हणून आज लिहिते.

तेव्हा माझी निवृत्ती जवळ आली होती. यवतमाळच्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आमचं संशोधन चालू होतं. वॉर्डातले रुग्ण खास पिशवीत फुंकायचे आणि त्या श्वासावरून आजार लवकर ओळखता येतो का, हे आम्ही तपासायचो. पिशवी उघडायची ती फक्त हवा ओढून गाळणाऱ्या काचेच्या कपाटात. एका दुपारी वीज गेली आणि कपाट बंद पडलं. जनरेटर वॉर्डालाच जेमतेम पुरायचा. संध्याकाळपर्यंत पिशव्यांतले नमुने निकामी होणार होते.

आमची मदतनीस दारव्ह्याची, घरी तान्हं मूल. ती धावत आली.

"मॅडम, सर मले गच्चीवर पाठवून राह्यले. म्हणतात, मोकळ्या हवेत उघड."

आपल्याकडे उन्हाळ्यात पापड, मिरच्या, अंथरुणं, सगळं गच्चीवर जातं. आमच्या प्रमुख साहेबांना पिशव्याही तशाच वाटल्या! फुगलेली पिशवी उघडली की आतली हवा जंतूंसकट आधी उघडणाऱ्याच्या तोंडावर येते.

मी पिशव्यांच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

"मॅडम, आजारी माणसांनी जीव एकवटून फुंकलंय," साहेब आत येऊन म्हणाले.

"पुन्हा फुंकतील. हिला दुसरी फुप्फुसं मी कुठून आणू?"

"मग वरती काय कळवू?"

"माझं नाव कळवा."

वीज आली तेव्हा उशीर झाला होता. पिशव्या न उघडता जाळायला पाठवल्या. दुसऱ्या दिवशी नव्या पिशव्या घेऊन वॉर्डात मीच गेले.

"काय बाई, कालचा श्वास सांडला काय?" उमरखेडकडच्या एका आजोबांनी विचारलं.

"सांडला नाही, जाळला."

"जित्या माणसाचा? कमाल हाय तुमची!"

हसता हसता त्यांना खोकला आला, पण त्यांनी फुंकलं. दोघं रुग्ण मात्र तोवर घरी गेले होते. त्यांचे नमुने गेले ते गेलेच. त्याचं मला वाईट वाटतं, कुलपाचं नाही.

ती मदतनीस आजही तिथेच काम करते, आणि तिची फुप्फुसं धडधाकट आहेत.