टायपिंग बाहेर द्यायचं ठरलं तेव्हा

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. एकदोनदा अगदी ओठांवर आलं होतं — मग मी उठले आणि चहा टाकला. आज सांगते. पूर्ण सांगून होईल का? बघू.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या ऑफिसात मी हिशोब पाहायचे. पेशंट घरी जाताना त्याला द्यायचा कागद हाताने लिहिण्याचा आमच्या डॉक्टरांना कंटाळा. ते टेपरेकॉर्डरवर बोलून ठेवायचे — काय झालं होतं, काय केलं, पुढे काय जपायचं — आणि नलूताई ती कॅसेट ऐकून टाइप करायच्या.

नलूताई भाट्याहून यायच्या. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने बाहेर. माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठ्या. कामाला हळूच होत्या, खोटं कशाला सांगू? कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घ्यायच्या, मध्येच फोन घ्यायच्या, बाकावर गोंधळून बसलेल्या एखाद्या म्हातारीला डॉक्टरांच्या खोलीपर्यंत सोडून यायच्या. हसायच्या तर इतक्या मोठ्याने की आतून डॉक्टर टेबलावर पेन आपटायचे. मला टायपिंग त्यांनीच शिकवलं.

बहिणीच्या लग्नासाठी त्या चार दिवस रजेवर गेल्या आणि कॅसेटी माझ्याकडे आल्या. त्यांतली एक केळशीच्या एका तरुण खलाशाची. पायाची जखम बरी होऊन तो घरी निघाला होता. कॅसेटच्या शेवटी डॉक्टर बहुधा तोंड फिरवून बोलले होते, वर पंख्याची घरघर. एक वाक्य लागेना. दोनदा ऐकलं. डॉक्टरांना विचारायचं म्हणून जागा मोकळी सोडली — पण ते ऑपरेशनला गेले होते, आणि खलाशाची माणसं दारात उभी, एसटी चुकेल म्हणून घाई करत होती. मग मी काय केलं? तो कागद काढला, दुसरा चढवला, आणि ते वाक्य नव्हतंच अशा थाटात सगळा पुन्हा टाइप केला. नीटनेटका दिसत होता. देऊन टाकला. एक प्रत आमच्याकडे ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच कॅसेटवर डॉक्टर पुढच्या पेशंटचं बोलले.

काही महिन्यांनी तो खलाशी तापाने फणफणत परत आला. त्याला शुद्ध नव्हती. नव्याने लागलेल्या डॉक्टरांनी आमच्याकडची प्रत पाहिली आणि इंजेक्शन दिलं — पेनिसिलिनचं. मी व्हरांड्यात होते. आधी नर्स धावली, मग दुसरी, मग आमचे डॉक्टर. त्याची बायको माझा हात धरून विचारत होती, "बाई, काय झाला ओ त्यांना?" मी हात सोडवून घेतला. कारण मला कळलं होतं. न लागलेलं ते वाक्य कुठलं, ते मला त्या क्षणी कळलं.

तो वाचला. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तो कागद होता. "ह्याला पेनिसिलिन चालत नाही, हे मी बोललो होतो. नक्की बोललो होतो." असं म्हणून त्यांनी जेवायला गेलेल्या नलूताईंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. कुणी टाइप केलं, हे त्यांनी विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का? मला नाही वाटत.

त्यानंतर माझी झोप उडाली. आज विचारतील, उद्या विचारतील. नलूताई म्हणतील, मी तर तेव्हा रजेवर होते. मग?

मग एक दिवस डॉक्टरांनी मला बोलावलं. बाजारातल्या टायपिंग क्लासला कॅसेटी दिल्या तर काय पडेल, आणि घरची टायपिस्ट ठेवून काय पडतं, दोन्ही मांडून दाखवा, म्हणाले.

मी मांडलं. एका बाजूला नलूताईंचा पगार, बोनस, रिबनी, मशीनची दुरुस्ती. दुसऱ्या बाजूला क्लासवाल्याचा पानामागचा दर — एवढंच. शिपायाने कॅसेटी पोचवायच्या, आणायच्या; औषधांची नावं चुकणार, ती कुणीतरी तपासायची, पानं परत पाठवायची — हे धरलं असतं तर दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या आल्या असत्या. मला ते ठाऊक होतं. नलूताई घेत असलेले फोन मी धरले नाहीत. त्यांच्या रजा मात्र धरल्या. हो, ती लग्नाचीसुद्धा.

डॉक्टरांनी कागदावर नजर टाकली आणि मान डोलावली. मला हलकं वाटलं. हे लिहायला लाज वाटते — पण वाटलं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी नलूताई माझ्या टेबलापाशी येऊन बसल्या. हसल्या नाहीत.

"वसू, डॉक्टर म्हणाले, त्या केळशीवाल्याचा कागद. मी आठवून आठवून दमले गो. माझ्याच हातून सुटला असेल काय?"

त्यांना तारीख कुणी सांगितली नव्हती. मला एकच वाक्य बोलायचं होतं.

मी म्हटलं, "असेल, नलूताई. होतं कधीकधी."

त्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग माझ्या पाठीवर थोपटलं आणि गेल्या.

क्लासकडून येणाऱ्या पानांत चुकाच चुका असायच्या. त्या सुधारत मी रोज उशिरापर्यंत बसायचे. त्या वेळेचे पैसे कुणी धरले नाहीत, मीही नाही. नलूताईंना कोर्टाजवळच्या एका वकिलांनी काम देऊ केलं होतं. त्या गेल्या नाहीत. आता हातावर भरवसा नाही, असं त्यांनी सांगितल्याचं कानावर आलं. पुन्हा त्या मशीनवर बसल्या नाहीत.

बऱ्याच वर्षांनी एसटी स्टँडवर भेटल्या. मुलाकडे मुंबईला निघाल्या होत्या, केस पांढरे झालेले. माझ्या मुलीची चौकशी केली, मग आवाज खाली आणून विचारलं, "तो केळशीचा माणूस — बरा आहे ना गो?"

"बरा आहे," मी म्हटलं.

"देव पावला," त्या म्हणाल्या. "मी रोज त्याच्यासाठी हात जोडते."

गाडी लागली होती. मी त्यांची पिशवी खिडकीतून आत दिली.