लाल जर्सीचा भंडारा

बिरदेवअण्णांना फुटबॉलमधलं सगळं कळायचं, फक्त मिलची टीम आता नाही हे तेवढं कबूल नव्हतं. मिलचा भोंगा बंद पडून जमाना झाला. तरी जुळे सोलापुरात मुलाच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून अण्णा अजून त्याच टीमच्या गोष्टी सांगत. ऐकायला बायको केराबाई आणि कुंडीतली तुळस. दोघींनाही सगळं पाठ झालं होतं.

अण्णा मूळचे मंगळवेढ्याकडचे, धनगराच्या घरातले. मेंढरं भावाच्या हवाली करून सोलापूरला आले आणि मिलमध्ये कापडाच्या घड्या घालायच्या कामाला लागले. त्या काळी मिल चांगल्या खेळाडूंना नोकरी द्यायची. सकाळी नावापुरतं खात्यात दिसायचं, दुपारपासून मैदानावर पळायचं, पगार मात्र पुरा. खरं तर असल्या गड्यांवर बाकीच्यांनी खार खायला हवा होता. पण मॅचच्या दिवशी सगळं खातं ओस पडायचं आणि मैदानाकडे पळणाऱ्यांत मुकादमच पुढे असायचा. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दख्खनी अशा चारी भाषांत रेफरीचा उद्धार चाले. मिलच्या लाल जर्सीनं गोल मारला की बघ्यांत बसलेले अण्णा उठत आणि बिरोबाच्या जत्रेत उधळतात तसा छोट्या पिशवीतला मूठभर भंडारा वर उधळत. तो पिवळा लोट दिसला की लांब उभ्या माणसालाही कळायचं, गोल आपला झाला.

मिलच्या टीमच्या शेवटच्या मॅचला लाल जर्सीचा गोल झालाच नाही. पिशवीतला भंडारा तसाच राहिला. अण्णांनी पिशवीला गाठ मारली आणि केराबाईंना बजावलं, "ह्यो आता दुसऱ्या कुटल्या टीमवर उधळायचा न्हाय." पिशवी देव्हाऱ्यात गेली. पुढं मिल बंद पडली, अण्णांनी वॉचमनकी केली, मुलानं घर बदललं, पण पिशवी काही हलली नाही.

आणि यंदा सोलापूरची नवी टीम निघाली. पगारी खेळाडू, लीग, टीव्हीवर सामने, सगळा थाट. सून रुपालीनं मोबाईलवर सासू-सासऱ्यांची तिकिटं काढून दिली, तर अण्णांनी नाक मुरडलं.

"ह्यात सोलापूरचं कोण हाय? एक मणिपूरचा, दोन केरळचे, त्यो उंच गडी तर आफ्रिकेचा."

"आन् तुमच्या मिलच्या टीमात कोण हुतं सोलापूरचं?" केराबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "कॅप्टन हुबळीचा, गोलकीपर गोव्याचा. आन् तुमी सोता कुटलं? आला तवा अंगाला मेंढरांचा वास येत हुता की."

निघताना अण्णांनी देव्हाऱ्यातली पिशवी खिशात टाकली. "उधळाय न्हाय, नुसती संगं," असं वर सांगितलं. ही टीम आपली म्हणायची की नाही, ते मैदानावर बघूनच ठरवणार होते. आपली वाटली तर गाठ सुटेल, नाहीतर पिशवी परत देवाजवळ.

मैदानावर सगळंच नवं. तिकीट मोबाईलमध्ये, खुर्चीला नंबर, कर्ण्यावर गाणी. गाण्यांवर अण्णांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. पण गवत बघून त्यांचे डोळे निवले. त्यांच्या वेळी बाईमाणूस मैदानाकडे फिरकत नसे. आज शेजारी केराबाई शेंगा सोलत बसल्या होत्या, आणि अण्णांना ते फार आवडलं.

"लाल ते कोल्हापूरचे, पांढरे आपले. ध्यानात ऱ्हाऊ द्या," केराबाईंनी पुन्हा पुन्हा सांगितलं.

"मला शिकीवती व्हय?"

पांढरे झकास खेळत होते. त्या आफ्रिकेच्या गड्याचा एक हेडर खांबाला लागून परत आला आणि अण्णा जिवाच्या आकांतानं ओरडले. मग चोरून त्यांचा हात खिशात गेला, आणि इतक्या वर्षांची गाठ सुटली.

पुढच्याच मिनिटाला लाल जर्सीतला एक जण डाव्या कडेनं वाऱ्यासारखा सुटला, आत वळला आणि त्यानं सणसणीत गोल मारला. अण्णा उठले. हात आपोआप वर गेला. "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" आणि सगळीच्या सगळी पिशवी उधळली.

आजूबाजूला चिडीचूप. पुढच्या रांगेत चिंचोळी एमआयडीसीतला फिटर निंगप्पा बसला होता. त्याची पांढरी जर्सी डोक्यासकट पिवळी झाली. तो मागं वळला. "आजोबा, तुमी नक्की कुणाकडचे?"

अण्णांनी पिशवी उलटी करून झटकली, तर काहीच नाही.

"एवढी वर्सं जपला, आन् पाव्हण्यांवर उधळला की वो!" केराबाई खो खो हसत सुटल्या. निंगप्पा हसला, सगळी रांग हसली.

"माजी टीम लाल हुती रं," अण्णा एवढंच म्हणाले. खाली बसले. मिलच्या नावाचा भंडारा लाल जर्सीलाच गेला, तेही बरंच झालं, असं त्यांनी मनाला समजावलं. पण मन ऐकेना. पांढऱ्यांनी गोल मारावा असं त्यांना आता आतून वाटत होतं, आणि त्यांच्यासाठी उधळायला चिमूटही उरली नव्हती.

मॅच संपत आली तेव्हा कोपऱ्यावरून चेंडू आला. तो उंच गडी सगळ्यांच्या वर उसळला आणि त्यानं डोक्यानं चेंडू जाळ्यात घातला. अख्खं स्टँड उभं राहिलं. अण्णांचा हात खिशात गेला आणि रिकामा परत आला. तेवढ्यात समोर निंगप्पाचे पिवळेधमक खांदे दिसले. अण्णांनी दोन्ही हातांनी ते खांदे झाडले, भंडारा मुठीत गोळा केला आणि वर फेकला.

"चांगभलं! आपला गोल! आपला!"

निंगप्पानं मान खाली घातली. "आजोबा, अजून हाय बगा. मागं, कॉलरमधी."