दार ढकलून बघणारी

जाता-येता प्रत्येक दार ती एका बोटानं ढकलून बघायची. उघडलं की आत डोकावून म्हणायची, "कडी लावा हो!" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाळकुमला माझ्या बिल्डिंगीत तिनं तळमजल्याचा गाळा घेतला, त्याच दिवशी माझंही दार ढकललेलं. मी आतून ओरडलो, "मालक आहे मी इथला!"

"मग तर लावाच."

तिचं काम कंपन्यांच्या ईमेलचं. मी चौथी शिकलेला. मला समजलं ते एवढंच, की ईमेल पाठवणारी मशीन म्हणजे घरचं पोस्ट. कडी नसली तर कुणीही लबाड बाहेरून येतो आणि तुमचा शिक्का मारून ढीगभर फसवी पत्रं सोडतो. अशा उघड्या मशिनी ती शोधायची, मालकाला कळवायची. आठ दिवसांत त्यानं ऐकलं नाही तर नावानिशी यादी लावायची, इंटरनेटवर आणि स्वतःच्या काचेच्या दारावरही.

यावरून आमचं रोज वाजायचं. आमची मिठागरं होती. भरतीच्या वेळी कुणाची उघाडी, म्हणजे बांधातली पाण्याची फळी, उघडी दिसली तर माझा बाप मालकाच्या कानात सांगायचा. मी तिला म्हणायचो, "बोंबललं की चोराला कळतं, बाय!"

"चोराला आधीच कळलेलं असतं, काका. मालकालाच नसतं. आणि पाणी शेजाऱ्याच्या आगरातपण शिरतं."

मी चहा मागवला.

मग एक दिवस ती वर आली. आमच्या शाळेची मशीन उघडी निघालेली. शाळेचा चेअरमन मीच. "कानात सांगायला आले," म्हणाली.

"आमच्याकडे असलं काही नसतं!" मी उसळलो. आठवडाभर तिच्याशी बोललो नाही, शाळेच्या मशीनवाल्याशीही नाही.

त्याच आठवड्यात शाळेची सहल गेली, अर्धी बस रिकामी. आमच्या शिक्क्यानं कुणीतरी लॉटरी लागल्याची पत्रं वाटत होतं, म्हणून पालकांच्या फोनांनी शाळेचं सहलीचं खरं पत्रही कचऱ्यात टाकलेलं. दुसऱ्या दिवशी एका चिमुरडीनं मला विचारलं, "आजोबा, सहल कधी आहे?"

आठव्या सकाळी मी खाली उतरलो. ती यादीपुढे पेन धरून उभी. "काका, दोन दिवस थांबू का?"

"दुसऱ्यांना आठ आणि मला दहा? आण ते पेन. माझ्या शाळेचं नाव मीच लिहिणार."

लिहायला वेळ लागला, पण सगळ्यांच्या वर लिहिलं, ठळक. संध्याकाळच्या आत मशीनवाला धावत येऊन कडी लावून गेला.

"बघितलंत? बोंबललं तर कारागीर आला."

"माझ्या अक्षराला घाबरला तो."

गेल्या वर्षी गाळा सोडून ती ठाकुर्लीला मुलीकडे गेली. महिन्यातून एकदा फोन येतो. तब्येत वगैरे काही विचारत नाही. "काका, शाळेचं दार ढकलून बघितलं. लागलेलं आहे." आणि फोन ठेवते.

माझं दार मात्र मी अजून नुसतं लोटून ठेवतो. कुणी ढकललं तर कळायला नको?