आवाज बसलेली गाडी
बाबांच्या कानाच्या मशीनचे सेल शोधताना ड्रॉवरमध्ये तो छोटा स्कॅनर सापडला, गाडीचा बिघाड मोबाइलवर दाखवणारा, आणि बोरीवलीच्या सोसायटीतलं आमचं जुनं पार्किंग आठवलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि बिघाड ओळखायचा, ही बाबांची पद्धत. एका रविवारी मात्र पेट्रोलच्या वासात बराच वेळ उकिडवे बसून ते चिडले, "हिचा आवाजच बसलाय गं, काही बोलेना!" मला तर गाडी नेहमीसारखीच ऐकू येत होती. मी नवाकोरा स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटला जोडला. मोबाइलवर हिरव्या अक्षरांत आलं, 'बिघाड नाही'. मी फोन पाठीमागे लपवला. "दाखव ना," बाबा म्हणाले. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि स्क्रूड्रायव्हर फडक्याला पुसत राहिले. मग ते हसले, "यात माणसाला लावायची पिन नाही का गं?" आज सेल बदलून दिले तसे ते मशीन लावून गॅलरीत गेले. खाली कुणीतरी बाइक सुरू केली. मी दारातच कान देऊन थांबले. "चेन सैल आहे त्याची," बाबा म्हणाले.